अकरा मिनिटं मागे

भिंतीवरचं घड्याळ – दहा वाजून बारा.

संगणकाच्या कोपऱ्यातलं घड्याळ – दहा वाजून एक.

राखाडी मफलर, एका टोकाला उसवलेला.

भरदुपारी दात घासणारे एक वयस्कर गृहस्थ.

थंड डबा. आत रक्ताच्या चोवीस नळ्या.

डब्यापासून सुरुवात करू.

ती टेक्निशियन होती त्या हॉस्पिटलच्या लॅबमधला फ्रीज सकाळीच बंद पडला. तळघरात दुसरा आहे असं कुणीतरी म्हणालं, म्हणून ती डबा छातीशी धरून खाली उतरली. तिथे एकसारखी दोन दारं. तिने डावीकडचं ढकललं. अंगावर गार झोत आला. काळ्या कपाटांची रांग, हिरवे मिणमिणते दिवे, आणि मधोमध स्टुलावर मफलर गुंडाळून बसलेला एक माणूस.

“इथे रक्त ठेवता येईल का?”

त्याने कीबोर्डवरून हात उचलले. “कुणाचं?”

“पेशंटचं. माझं नाही.”

“मग शेजारचं दार.”

“बाहेर माणसं घामाघूम झालीत आणि तुम्ही मफलर?”

“इथे बारा महिने थंडी. सर्व्हरना उकाडा सोसत नाही. माणसांचं कोण विचारतंय?”

ती हसू दाबत बाहेर पडली. शेजारचं दार मात्र हलेना. तेवढ्यात मागून आवाज आला – “ते अडकतं. खांदा लावावा लागतो.” त्याने खांदा लावला, दार उघडलं, आणि चोवीस नळ्या वाचल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो लॅबमध्ये आला. हात गरम करायला, म्हणाला. ती चहाच घेत होती. मग तो रोजच यायला लागला. खिडकीबाहेर आभाळ भरून यायचं, दिवसभर तसंच लोंबत राहायचं आणि मोकळं न होताच अंधारायचं. तो तिच्या टेबलासमोर बसायचा, पेला दोन्ही हातांत धरून.

“तुमच्या या संगणकातलं सगळं खरं तर खाली माझ्याकडे असतं,” तो एकदा म्हणाला. “एका मोठ्या मशीनच्या पोटात दहा-बारा व्हर्च्युअल मशीनं राहतात. प्रत्येकाला वाटतं, घर आपलंच.”

“भाडेकरू.”

“अगदी. पण या भाडेकरूला स्वतःचं घड्याळ नसतं. मालकाच्या टिकटिकीवर चालायचं. दिवसातून दोनदा मी त्याची कॉपी काढतो, तेव्हा काही सेकंद त्याला झोपवावं लागतं. उठलं की त्याला वाटतं, मध्ये वेळ गेलाच नाही.”

ती खुदकन हसली. “आमचे बाबा. दुपारी झोपून उठले की सकाळ समजून ब्रश हातात घेतात.”

“मग त्यांना सांगतं कोण?”

“मी, सुट्टीच्या दिवशी. एरवी शेजारच्या काकू. आधी चहा द्यायचा, मग संध्याकाळच्या बातम्या लावू का, असं विचारायचं. एकदम सांगितलं तर ओशाळतात बिचारे.”

“आम्हीही तेच करतो. घड्याळ मागे पडलं तर उडी मारायला लावायची नाही, चालू काम गोंधळतं. प्रत्येक सेकंद केसभर आखूड करायचा. नकळत ते वेळेवर येतं.”

“तुम्ही सगळंच असं हळूहळू करता?”

त्याने पेल्यात बघितलं. “काही गोष्टी… हो.”

तिसऱ्या आठवड्यात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. कुणी आधी म्हटलं ते दोघांनाही सांगता येणार नाही.

त्याच सुमाराला तिच्या लक्षात आलं होतं की भिंतीवरचं घड्याळ संगणकाच्या पुढे आहे. तिने मनावर घेतलं नाही. बाबांनी घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे लावली होती, कुणाला उशीर होऊ नये म्हणून. भिंतीवरचं घड्याळ खोटं बोलतं, ही तिची लहानपणापासूनची समजूत. लॅबमध्येही असेच कुणाचे तरी बाबा असतील.

सहा आठवडे झाले आणि एका सकाळी लॅबच्या प्रमुख मॅडमनी तिच्यासमोर कागद ठेवला.

“वॉर्डात नमुना काढला दहा पाचला. तुझा रिपोर्ट दहा एकचा. काढायच्या आधीच तपासलास?”

“मॅडम, मी नमुना लावूनच…”

“असे तीन सापडलेत. मशीनला न लावता आकडे भरले असशील तर नोंदणी रद्द होते, माहीत आहे ना? सोमवारपर्यंत लेखी दे.”

खोटे रिपोर्ट देणारी, असा शिक्का एकदा बसला की कुठलीही लॅब दारात उभं करत नाही. ती जिना उतरून तळघरात गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

त्याने एकच विचारलं. “तो रिपोर्ट दिलास तेव्हा भिंतीवर किती वाजले होते?”

“दहा वाजून बारा.”

त्याने पडद्याकडे बघितलं. मग त्याने मफलर सैल केला, जणू तिथे एकाएकी उकडायला लागलं होतं.

“घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे,” तो म्हणाला. “वेळ लावायला दोन रखवालदार असतात. एक मोठ्या मशीनचा, बाहेरून. एक आतला, नेटवर्कला विचारणारा. दोघं एकदम ओढायला लागले की घड्याळ हेलकावे खातं. म्हणून बाहेरचा मी बंद केला. आतला चालू करायचा… राहिला. तुझं मशीन दर झोपेला आठ सेकंद विसरतंय. सहा आठवडे.”

“मग आता?”

“घड्याळाच्या नोंदी छापून मॅडमकडे जातो.”

“तुझं काय होईल?”

“जे व्हायचं ते.”

“गुपचूप नीट केलं असतंस तर कुणाला कळलंही नसतं.”

“नसतं. उद्यापासून सगळं जुळलं असतं आणि तू खोटी ठरली असतीस.”

तिला रडू यायला हवं होतं. राग आला. “रोज माझ्यासमोर बसायचास. एक घड्याळ भिंतीवर, एक टेबलावर. तुझं कामच ते. एकदाही दिसलं नाही?”

“मी घड्याळाकडे बघत नव्हतो.”

एवढं बोलून तो नोंदी छापायला वळला. त्याचे कान लाल झाले होते, आणि ते थंडीने नव्हते.

नोंदी बघून मॅडमनी तिचा कागद मागे घेतला. दोन घड्याळांतला फरक आपल्याला दिसला होता आणि आपण गप्प राहिलो, हेही तिने लिहून दिलं. तिला ताकीद मिळाली. हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळणाऱ्या त्याच्या कंपनीने शुक्रवार हा त्याचा शेवटचा दिवस ठरवला.

शुक्रवारी दुपारी लॅबचं काम थांबवून तो तिच्या संगणकाशी बसला.

“हळूहळू आणणार ना?” तिने विचारलं.

“पंधरा दिवस लागतील. तोवर रोजचे रिपोर्ट चुकीचे. नाही, आज उडीच.”

त्याने बटण दाबलं. बारा एकोणपन्नासचा एक झाला.

“ती अकरा मिनिटं कुठे गेली?”

“या मशीनच्या आयुष्यात ती नव्हतीच.” तो पडद्याकडे बघत राहिला. “मीही मारू का उडी? दुसऱ्या गावात काम मिळतंय… माझ्याबरोबर येशील?”

तिला हो म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं.

“बाबा उठतात तेव्हा कुणीतरी आपलं माणूस लागतं,” ती म्हणाली. “काकू तरी किती दिवस बघतील?”

त्याने मान हलवली. दाराशी गेला तशी ती मागून म्हणाली, “मफलर ठेवून जा. उसवलाय. शिवून देते.”

“कधी?”

“हळूहळू.”

मफलर अजून तिच्या टेबलाच्या खणात आहे. सुईत दोरा ओवलेला आहे, टाका एकही घातलेला नाही.

पहिल्या दिवशी ती डबा घेऊन दारात उभी राहिली तेव्हा त्याने बाहेरचा रखवालदार नुकताच बंद केला होता, आणि आतला चालू करायला एक बटण दाबायचं बाकी होतं.