एका दमाचं गाणं

ध्वनिउत्खनन प्रयोगशाळेतल्या काचेच्या मेजावर एक जुनी गिटार उताणी पडली होती आणि तिच्या रोगणावरून लेझरचा हिरवा ठिपका मुंगीच्या चालीनं सरकत होता. शेजारी गिटारचा मालक, गायक दिगंबर माने बसला होता. म्हणजे तुमचा-आमचा डिगू, कडवं संपेस्तोवर श्वास न घेणारा! त्याच्या एका दमात चहा उकळून उतू जातो, असं लोक म्हणत. खोटं वाटेल, पण शेगड्या पुसलेली माणसं अजून हयात आहेत. त्याच्यामागून आलेला प्रत्येक गायक तसाच गायला लागला. निम्मे चक्कर येऊन स्टेजवरच बसले.

"रोगण ओलं असताना आवाजाच्या लहरी त्यावर उमटतात," डॉ. मृणाल चिटणीस सांगत होत्या. "वाळलं की त्या तिथंच गोठतात. आम्ही त्यांना स्वरठसे म्हणतो. हा ठसेवाचक ते पुन्हा वाजवतो. हे रोगण कधीचं?"

"शालन गेली त्या दिवशीचं. मिरजेचा कारागीर म्हणत होता, वाळू दे, मग ने. मला कुठला धीर! ओलीच आणली, तालमीच्या खोलीत खुंटीला टांगली आणि गायला बसलो."

शालन त्याची बायको. सुरुवातीला त्याच्याबरोबर गायचीही. पुढं दोघांत गाणारा एकच उरला. त्या दिवशी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली, काहीतरी म्हणाली आणि गेली. काय म्हणाली, ते डिगूला ठाऊक नव्हतं. तो गात होता. नंतर विचारायचा त्याला धीर झाला नाही, आणि गेल्या वर्षी ती वारली. आता त्याला तेवढंच ऐकायचं होतं.

"एक अडचण आहे, दादा. एका क्षणाचा एकच ठसा टिकतो, सगळ्यांत मोठ्या आवाजाचा. मोठी लाट लहान लाटेला पुसून टाकते."

"मग माझा आवाज वजा करा की. स्टुडिओत रोज करतो आम्ही."

"तिथं दोन्ही आवाज शिल्लक असतात. इथं दुसरा उरतच नाही. तुम्ही श्वास घ्यायला थांबला असाल, तेवढ्या फटीत शालनताई ऐकू येतील."

डिगूनं सरकत्या हिरव्या ठिपक्याकडं पाहिलं. "म्हणजे बाई, माझ्या जागी एखादा दमेकरी असता तर..."

"तर सगळं ऐकू आलं असतं."

यंत्र सुरू झालं. तरण्या डिगूचा आवाज खोलीभर पसरला. काय आवाज! ओळीवर ओळ, कुठं सांधा म्हणून नाही. याच आवाजावर माणसं कामधंदा सोडून धावत आली होती. म्हातारा डिगू मात्र मेजावर वाकून त्याच्यावर खेकसला, "अरे, गप की जरा!"

कडवं संपलं. एक श्वास. आणि त्या फटीत शालन. दमलेली, पण चिडलेली नव्हे.

"झालं का रे तुझं? मग सांगते."

"हां! पुन्हा पहिल्यापासून," तरणा डिगू म्हणाला आणि गाणं सुरू झालं.

पुढच्या फटीत नुसता पंखा फिरत होता.

चिटणीसबाईंनी यंत्र बंद केलं. डिगूनं गिटार उचलली आणि तो निघून गेला.

त्यानंतरच्या सांगलीच्या कार्यक्रमात तो भर कडव्यात थांबला. ढोलकीवाला दचकला. मोठा श्वास घेऊन, मान जरा वळवून, डिगू नुसता उभा राहिला. म्हातारा झाला, असं काहींना वाटलं. पण सहा महिन्यांत नव्या दमाचे सगळे गायक बरोबर त्याच ठिकाणी थांबायला लागले. फॅशनच ती!

डिगू अजून गातो. प्रत्येक गाण्यात तेवढं थांबतो, कान देतो.

आणि नेमक्या तेवढ्यात लोक शिट्ट्या वाजवतात.