मुळी खोटं बोलत नव्हती

"पानं काय पायता? मुळी पाहा की!" रिसोडच्या बाजारात मी त्याच्यावर खेकसले आणि तिथंच माझा घात झाला. सन छत्तीसची दिवाळी नुकतीच सरली होती. मी वांग्याच्या रोपांच्या जुड्या ओल्या गोणपाटावर मांडून बसले होते आणि हा उंच गडी एकेक पान उलटून बघत होता.

"मुळी पाह्यली तर मालकिनीले राग येईल ना?" तो हसला.

"मालकीन आधीच रागावली हाये!"

पुढच्या बाजारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही! नाव इंद्रभान, राहणार रिठद, आमच्यासारखाच माळी. त्यानं नवी विहीर खोदली होती, म्हणून मी त्याला मुळी वाचायला शिकवलं.

"पानी कमी पडलं का मुळी बारीक होते, पन जमिनीतली वल हुडकत खाली जाते. खारं लागलं का जागीच आखडते, टोक तांबूस पडते. पानं मात्र चार दिवस हिरवीगार... आपल्याले फसवाले."

"तू नाही ना फसवनार मले?"

"फसवाचं असतं तर सडकी जुडी नसती का देली?"

पौषात त्यानं मला मागणी घातली. माझ्या बाची, चंपत माळ्याची, अट साऱ्या गावाला ठाऊक होती. आत्या खाऱ्या विहिरीच्या मळ्यात देली आणि तिची उमर तिथं रडण्यात गेली, म्हणून बा जावयाच्या विहिरीची परीक्षा घ्यायचा. मडक्यात वांग्याचं बी टाकायचं, महिनाभर त्याच विहिरीचं पाणी घालायचं, मग मुळी बघायची. मुळी धड, तर पोरगी देली!

पाणी घालायचं काम माझं. इंद्रभान दर बाजारी घागरी आणायचा. घागर देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळायची.

"मचूळ लागते वो," मी चाखून म्हटलं.

"नव्या विहिरीचं असंच राह्यते. तू आली का होईल गोड."

पंधराव्या दिवशी मी हळूच एक रोप उपटलं. मुळी पेरभरसुद्धा नव्हती आणि टोक तांबूस! बाला सांगितलं, तर लग्न मोडलं. मी आमच्या वाफ्यातली तेवढीच रोपं मडक्यात लावली आणि आमच्या विहिरीचं गोड पाणी घालत राहिले. त्याच्या घागरी बांधावर ओतल्या. लाज वाटली, पण हात थांबला नाही.

महिना भरला. बानं रोप उपटून धुतलं. लांब, पांढरीशुभ्र मुळी! "गोड हाये लेका तुही विहीर," बा म्हणाला, आणि इंद्रभानचे डोळे भरून आले. वैशाखातली तिथी धरली. त्या एका शब्दावर त्यानं माघात दोन एकर वांगी लावली.

चैत्रात तो आला, बाजार नसताना. बा मळ्यात होता. इंद्रभाननं गमछ्यातून एक वाळकं रोप काढून माझ्या हातावर ठेवलं.

"वाच."

वाचायचं काय? आखडलेली, तांबूस मुळी.

"दोन्ही एकर असंच हाये," तो म्हणाला. "वाफ्यावर मिठाचा पांढरा थर आला. तुह्या बाची नजर चुकली काय, पयाग?"

बाच्या माथी मारता आलं असतं. नाही मारलं.

"नाही. रोपं मी बदलली... पानी बी."

"काहून?"

"तुमी पायजे होते मले!"

त्यानं ते रोप माझ्या हातातून परत घेतलं. "खारं हाये म्हनली असतीस, तर नाल्याकाठी दुसरी विहीर खोदली असती मी. दोन वर्सं तहान सोसली असती, वल हुडकली असती. तूच शिकवलं ना?"

"आता खोदा! मी थांबते. दोन काय, चार वर्सं!"

"वावराचं नाही वो. वावर पुन्यांदा होईल." त्यानं रोप गमछ्यात बांधलं. "पन उद्या घरात तू पानी देशील, तवा मी आधी चाखून पाहीन. रोज..."

मी रडत आत पळाले आणि तांब्या भरून आणला. दारातून कोणी तहानलेलं जायचं नाही, अशी आमच्या घरची रीत.

त्यानं तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि रिठदच्या वाटेला लागला. ते आमच्या विहिरीचं गोड पाणी होतं. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझ्या सांगण्यावर तो आता कशाला विश्वास ठेवील?