पेगीच्या उंबऱ्यावरचं पहिलं पाऊल

नववर्षाच्या सकाळी पेगीच्या घरात पहिलं पाऊल माझंच पडायला हवं होतं! त्यासाठीच तर खिशात व्हिस्कीची बाटली आणि काखेत जळणाच्या मातीची वाळकी वीट घेऊन मी पाणथळ माळ ओलांडायला निघालो होतो. आणि माझ्यापुढे, तशीच बाटली नि तशीच वीट घेऊन, शीळ घालत चालला होता टॉर्किल.

टॉर्किलचे केस काळेभोर. आमच्या बेटावर वर्षाचा पहिला पाहुणा काळ्या केसांचाच लागतो. तांबडा आधी शिरला की घराला वर्षभर साडेसाती! मी जन्माचा तांबडा. दर वर्षी दारोदार केक खायचा टॉर्किलने, आणि तो आत जाईपर्यंत मी बाहेर कुडकुडायचं. जळफळाट होणार नाही तर काय? त्यातून पेगीची आई त्याला जावई करून घ्यायला टपलेली.

"रूअरी, मागेच राहा हं!" तो ओरडला. "तुझं डोकं लांबून दिसलं तरी मावशी दार लावून घेईल!"

"तू तुझ्या पायाखाली बघ, शहाण्या!"

गवताच्या झुपक्यावरून झुपक्यावर उड्या मारत आम्ही चढत होतो. मधल्या काळ्या डबक्यांवर बर्फाचा पापुद्रा धरला होता, वारा कान कापत होता, आणि टेकाडाशी पोचतो तोच धुकं उतरलं. टॉर्किलने वळसा टाळून सरळ पांढऱ्या सपाटीकडे पाय वळवले. त्या हिमातून गवताचं एकही टोक वर आलेलं नव्हतं. म्हणजे खाली नुसतं शेवाळ नि दलदल!

"थांब! खोल आहे तिथे!"

"वा रे वा! मला वळसा घालायला लावून स्वतः पुढे पळायचंय होय?"

आणि तो गेला. कमरेपर्यंत! मग छातीपर्यंत!

पेगीचं घर टेकाडापलीकडेच होतं. जावं का पुढे, असं मनात आलं, नाही कशाला म्हणू? पण पाय उचलेना. मी पालथा पडलो, सरपटत हातातली काठी पुढे केली.

"धर! हातपाय मारू नकोस, गाढवा!"

त्याने धरली. मी ओढलं. काठ खचला! माझं डोकंच चिखलात गेलं. तोंडातली माती थुंकत पुन्हा ओढलं, आणि टॉर्किल सुटला. त्याचे बूट, बाटली, वीट सगळं आतच राहिलं, आणि पाय मुरगळलेला. माझी वीट पुन्हा काखेत मारून, शिव्या घालत मी त्याला पाठीवर घेतलं.

दाराशी आल्यावर तो कसाबसा म्हणाला, "उतरव मला. पहिलं पाऊल माझं."

"पाय टेकतोय का तुझा?"

दार उघडलं. पेगीच्या आईने आम्हा दोघांची काळीकुट्ट डोकी बघितली आणि हात जोडले. "दोन-दोन काळे! देवा, काय वर्ष जाणार आहे! या रे, आत या!"

टॉर्किलने तोंड उघडलं, पण दात इतके वाजत होते की शब्द फुटेना. मी उंबरा ओलांडला. माझी वीट चुलीत पडली.

मग पेगीने गरम पाणी आणलं आणि माझ्या डोक्यावर ओतलं.

"अगं बाई! हा तर तांबडा!" आई किंचाळली.

"आता ओरडून काय उपयोग, आई? आत आलाय तो," पेगी म्हणाली आणि केकचा पहिला तुकडा माझ्या हातात ठेवला.

टॉर्किलच्या डोळ्यांत मी बघितलं. तिथला जळफळाट माझ्याइतका कुणाला कळणार? मी निम्मा केक मोडून त्याला दिला. पेगीच्या शेजारची जागा मात्र सोडली नाही!