धारनाथाचा किटलीला कौल

"देवानं आचारसंहिता मोडली," कुंडलिकअण्णा म्हणाले आणि बसायला जागा शोधू लागले.

हुमा मुजावरच्या ऑफिसात पाहुण्यांसाठी खुर्ची एकच होती आणि तिच्यात गंगाधरकाका बसले होते. अण्णा जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर टेकले.

भोरच्या चौकात झेरॉक्सच्या दुकानावर हे ऑफिस. 'खासगी तपास' अशी पाटी. येणारी कामं बहुतेक एकाच जातीची : नवरा मुलगा पितो का, आणि पीत असेल तर कुणाच्या पैशानं. हुमाला कामात मदत करणारे गंगाधरकाका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक स्कूटर होती आणि प्रत्येक विषयावर एक मत होतं. दोन्ही चढावर बंद पडत.

"कुठला देव?" हुमानं विचारलं.

"आमचा धारनाथ. विंझरच्या अलीकडं, माळावर. म्या देवस्थान न्यासाचा अध्यक्ष." अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आज आमच्याकडं कौलाचा दिवस. वर्षातनं एकदाच असतो. देवाच्या दोन खांद्यांना दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर न्हाई."

"मग?"

"सकाळी पहिलाच प्रश्न किटलीचा निघाला."

पंचायत समितीची निवडणूक दहा दिवसांवर होती. अपक्ष उमेदवार विराजला किटली चिन्ह मिळालं होतं. तो देवळात शिरला, देवाला विचारलं, 'किटली निवडून यावी का?', आणि उजवी पाकळी अशी पडली जणू तिला कुणी हाक मारली होती. विराजनं लगेच देवळाचा माईक घेतला. तीन वाड्यांना ऐकू गेलं : धारनाथाचा कौल किटलीला!

"यात वाईट काय झालं?" काका म्हणाले. "देवालाही मत असतं."

"वाईट हे झालं," अण्णा म्हणाले, "की न्यासाचे हिशेब तपासाया आलेले आयकर खात्याचे आनंदरावसाहेब त्या वेळी सभामंडपात चहा पीत हुते. किटलीतलाच."

हुमा पहिल्यांदा पुढे झुकली.

न्यासाचा एक दवाखाना होता. सापाच्या विषावरचं औषध त्या पट्ट्यात बाराही महिने तिथंच मिळे, आणि फुकट मिळे. पुण्या-मुंबईचे लोक देणग्या देत, कारण न्यासाला करसवलत होती. न्यास राजकारणात उतरला तर सवलत जाणार. सवलत गेली की देणग्या जाणार. देणग्या गेल्या की लावणीच्या दिवसांत साप चावलेल्या माणसानं पुणं गाठायचं. गाठलं तर.

"साहेब संध्याकाळच्या एसटीनं परत जानार. जाताना लिहून नेनार, हा न्यास किटलीवाल्याचा हाय. तवर सांगा ताई, हे कुणी केलं? का देवानंच केलं?"

"देवावर संशय सर्वांत शेवटी घेऊ," हुमा उठत म्हणाली. "काका, स्कूटर."

*

नसरापूरवरून वळून विंझरच्या रस्त्याला लागेपर्यंत स्कूटर चालली. माळाचा चढ आला तशी ती थांबली आणि पुढचा रस्ता काकांनी तिला चालवत नेलं. देवळाशी पोचले तेव्हा त्यांचा चेहरा शेंदरी झाला होता.

देवळाबाहेर किटलीचा प्रचार-टेम्पो उभा होता. त्याचं मागचं एक चाक जागेवर नव्हतं. छतावर पत्र्याची माणसाएवढी किटली होती आणि तिच्या नळीवर एक कावळा बसला होता.

काका टेम्पोचा आधार घेऊन हळूहळू खाली घसरले.

"अगं बाई! यांना सावलीत घ्या." दवाखान्यातून पांढऱ्या केसांच्या एक बाई धावत आल्या. या सौदामिनी, निवृत्त परिचारिका. न्यासाच्या सचिव त्या आणि दवाखाना चालवायच्याही त्याच. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी डब्यातली पांढरी पूड पेल्यात घालून ढवळली. पाणी पुन्हा नितळ दिसू लागलं.

"प्या. ग्लुकोज आहे. एका दमात."

काका प्यायले आणि माणसात आले. फक्त त्यांच्या मिशीचं एक टोक गालाला चिकटून राहिलं.

"तुमचा नंबर कितवा होता, सिस्टर?" हुमानं सहज विचारलं. सभामंडपात कौलासाठी लावलेली नारळांची रांग तिला बाहेरूनच दिसली होती. माणसं पहाटे येऊन रांगेत आपला नारळ ठेवत आणि घरी जाऊन चहा पीत. नारळ रांगेत उभा राही. एक नारळ मात्र रांग सोडून खांबापाशी लवंडला होता. त्याच्या शेंडीला जखमेला बांधतात ती पट्टी बांधलेली होती.

"माझा पहिला होता. लाथेनं उडवला त्या किटलीवाल्या पोरानं."

"काय विचारणार होता देवाला?"

"ते देवाला सांगायचं असतं," सिस्टर म्हणाल्या आणि पेला विसळायला आत गेल्या.

*

चिमाजी गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्यात मांडी घालून बसला होता. आत गुरवाशिवाय कुणी जायचं नाही, ही तिथली रीत. हुमा उंबऱ्याबाहेर बसली.

"माझे वडील दर्ग्यात मुजावर होते, मामा," ती म्हणाली. "उंबरा मला कळतो. तुम्ही बोला, मी इथूनच बघते."

चिमाजीचा आवाज एकदम मोकळा झाला. "मंग तुमाला सांगाया काय हरकत न्हाई. ह्या बघा दोन वाट्या." उंबऱ्याजवळच्या कट्ट्यावर दोन लहान पितळी वाट्या होत्या. "उजवी पाकळी उजव्या वाटीतल्या पाण्यात भिजवायची, डावी डावीतल्या. म्या पहाटं भरून ठेवतो. येक प्रश्न झाला की दोन्ही वाट्या रित्या करायच्या, देवाचे खांदं पुसायचे, नवं पाणी घ्यायचं. एकाच्या प्रश्नाचं पाणी दुसऱ्याला चालत न्हाई."

"हे पाणी सकाळचंच आहे?"

"व्हय. पैल्याच प्रश्नाला बोंबाबोंब झाली, साहेबांनी वही काढली. म्या म्हनलं, हितं आता कुनी हात लावायचा न्हाई. तवापासनं राखत बसलोय. जेवलो बी न्हाई."

"पहाटे भरल्यावर वाट्यांपाशी कोण कोण आलं?"

"अख्खा गाव. कट्ट्यावरच तर अंगारा असतो."

काका खाली बघत होते. "शिस्त शिकावी तर मुंग्यांकडून," ते म्हणाले. "बघ हुमा, कशी रांग लावलीये. कट्ट्यावरून सरळ डाव्या वाटीपर्यंत. उजवीकडे एकही ढुंकून बघत नाही."

"काका, तुम्ही आज फार थोर बोललात."

"मी रोजच बोलतो," काका म्हणाले आणि मिशी सोडवू लागले.

हुमानं वाकून वाटीत पाहिलं. पाणी अगदी नितळ होतं.

*

विराज टेम्पोखाली होता. बाहेर आला तेव्हा त्याचे हात काळे आणि सदरा पांढराशुभ्र होता. हे कसब फक्त उमेदवारांना जमतं.

"आज कौल घ्यायचा बेत होता?" हुमानं विचारलं.

"कसला बेत! आमी वेल्ह्याला निघालो हुतो. हितं चढावर टायर बसला. म्हनलं, रिकामं कशाला बसा, लोकांना चहा पाजू. आत गर्दी दिसली, माईक दिसला." त्यानं खांदे उडवले. "घुसलो."

"आणि डावी पडली असती तर?"

विराजनं थोडा विचार केला. हा विचार त्याला त्या दिवशी प्रथमच सुचत होता. "तर पळालो असतो."

"चहात साखर किती घालता?"

"लई. मतदार हाय म्हनल्यावर."

काकांनी हुमाचा दंड धरून तिला बाजूला नेलं. "मिळाला चोर! मुंग्या, साखर, चहा. किटलीतलं वाटीत ओतलं. चिकट झालं. डावी पाकळी बसली चिकटून आणि उजवी पडली!"

"चहा तांबडा असतो, काका."

"फिका असेल."

"वाटीतलं पाणी नितळ आहे. पण बाकीचं तुमचं सगळं बरोबर आहे."

काकांना आयुष्यात इतकं बरोबर कुणी म्हटलं नव्हतं.

हुमा अण्णांकडे वळली. "अण्णा, न्यासात विराजच्या बाजूचं कुणी आहे?"

अण्णांनी टोपी फिरवली. "निम्मे. विराज निवडून आला तर माळाचा रस्ता करतो म्हनतो. आज रातच्याला बैठक हाय, न्यासानं त्याला पाठिंबा द्यायचा का. म्या मधल्या मधी लोंबकळतोय."

"हे सिस्टरना माहीत आहे?"

"बैठकीची नोटीस त्यांनीच काढली की."

*

एसटी आली तेव्हा सभामंडप भरला होता. आनंदराव पिशवी खांद्याला लावून उठले.

"साहेब, देवाला दोन प्रश्न विचारू द्या, मग जा," हुमा म्हणाली. "मामा, खांदे पुसून घ्या. सकाळच्याच वाट्या, सकाळच्याच जागी. प्रश्न तुम्हीच विचारा, पण असा की ज्याचं उत्तर पोरालाही माहीत आहे."

चिमाजीनं गर्दीवर नजर फिरवली. ती काकांच्या काटकुळ्या मानेवर स्थिरावली.

"देवा धारनाथा," तो गंभीरपणे म्हणाला, "हे पाव्हणे पैलवान हायेत का?"

दारातून वारा आला. उजवी पाकळी पडली.

सभामंडपातले सगळे काकांकडे वळून पाहू लागले. काकांनी नकळत छाती पुढे काढली.

"आता वाट्यांची अदलाबदल करा. प्रश्न तोच."

चिमाजीनं खांदे पुसले, वाट्या बदलल्या, पाकळ्या लावल्या, तेच विचारलं. या वेळी डावी पडली. उजवी खांद्याला घट्ट बसून राहिली. काकांची छाती पूर्ववत झाली.

"देवानं मत बदललं नाही," हुमा म्हणाली. "वाटी बदलली. डाव्या वाटीत काहीतरी गोड आणि चिकट आहे. मुंग्यांना ते दुपारीच कळलं होतं."

"चिमाजी!" कुणीतरी ओरडलं.

"मामा नाहीत. त्यांनी केलं असतं तर वाटी सकाळीच रिती केली असती, तशी रीतच आहे. ते उपाशी बसून ती राखत होते."

"मग विराज!" आनंदराव म्हणाले.

"त्याचा टायर बसला नसता तर तो वेल्ह्यात असता. तो इथं येणार हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. वाटीची तयारी मात्र आधीची आहे. आणि प्रत्येक प्रश्नानंतर पाणी टाकतात, म्हणजे ती तयारी फक्त पहिल्या प्रश्नापुरती होती. मग साहेब, विराज कुठून आला हे सोडा. पहिला प्रश्न मुळात कुणाचा होता?"

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. पट्टी बांधलेला नारळ अजून तिथंच लवंडलेला होता.

"पाण्यात विरघळून नितळ राहणारं, गोड, आणि सुकलं की मिशी गालाला चिकटवणारं." हुमाचा आवाज खाली आला. "सिस्टर, ग्लुकोज होतं ना?"

सौदामिनी उठून उभ्या राहिल्या. हात पदराला पुसत राहिल्या, जणू तिथं अजून काही चिकटलेलं होतं.

"हो. मी घातलं. अंगारा घ्यायच्या निमित्तानं."

"पन सिस्टर, किटलीसाठी?" अण्णा म्हणाले.

"कसली किटली! मी विचारणार होते, 'देवा, न्यासानं राजकारणापासून लांब राहावं का?' त्याला 'होय' हवं होतं मला. रात्री तुम्ही पाठिंब्याचा ठराव करणार, माझं कुणी ऐकेना. देवाचं ऐकलं असतं." त्यांनी विराजकडे पाहिलं. "माझं 'होय' हा उचलून घेऊन गेला."

मंडपात पहिल्यांदा हसला तो विराज. "म्हंजे म्या तुमचं चोरलं! सिस्टर, खरंच म्हायती न्हवतं." मग त्याचं हसू ओसरलं. "पन साहेब, येक सांगा. रस्ता न्हाई म्हनून मानूस दवाखान्यापातूर पोचत न्हाई. हे देवळानं बोलायचंच न्हाई का?"

"बोला की," आनंदराव म्हणाले. "रस्त्यावर बोला, पुलावर बोला, मोर्चा काढा. पण सवलत म्हणजे सरकारनं सोडलेला कर. ती सगळ्या लोकांची वर्गणी झाली. किटलीला मत न देणाराही ती भरतो. त्याच्या पैशावर त्याला किटली पाजू नका."

"आणि ग्लुकोजचं काय?" काकांनी विचारलं.

आनंदरावांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "देवाच्या वाटीत ग्लुकोज घालण्याविषयी आयकर कायद्यात कलम नाही. पण न्यास कुठल्या बाजूचा, हे मला आज कळायला हवं."

"मग सिस्टरचाच प्रश्न विचारू," चिमाजी म्हणाला. "चोख पाण्यानं."

बाहेर एसटीचा भोंगा वाजला. मग वाजायचा थांबला, कारण ड्रायव्हर, कंडक्टर आणि सगळी एसटी आत येऊन उभी राहिली होती.

वाट्या घासल्या. नवं पाणी भरलं. पाकळ्या लावल्या.

"देवा धारनाथा, न्यासानं राजकारणापासून लांब राहावं का?"

सिस्टरनी डोळे मिटले होते. निम्म्या विश्वस्तांनी डावीकडे नजर लावली, निम्म्यांनी उजवीकडे. वारा पडला होता. उजवी हलली नाही. डावी हलली नाही. एक म्हातारी खोकली आणि सगळ्यांनी तिच्याकडे रागानं पाहिलं. तरी दोन्ही पाकळ्या जागच्या जागी.

अखेर चिमाजी उंबऱ्यात येऊन उभा राहिला. "देव काय बोलत न्हाई."

"म्हंजे?" अण्णा म्हणाले. "आता आमालाच ठरवावं लागनार?"

"तसं दिसतंय," हुमा म्हणाली.

अण्णांनी गाभाऱ्याकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, बाहेर दवाखान्याच्या पांढऱ्या दाराकडे पाहिलं. मग टोपी काढली आणि टोपीसकट हात वर केला. "लोंबकळून हात दुखला. न्यासाचा पाठिंबा कुनालाच न्हाई. आन् माईक कुलपात."

एकेक हात वर गेला. शेवटी विराजचाही. तो विश्वस्त नव्हता, पण गर्दीत हात वर दिसले की त्याला राहवत नसे.

"मी सचिवपद सोडते," सिस्टर म्हणाल्या. "वाटीत हात घातलाय मी."

"पद सोडा," अण्णा म्हणाले. "दवाखाना सोडाल तर बघा."

एसटीच्या पायरीवर आनंदराव थांबले. "वरिष्ठांना काय लिहू? सकाळी देवानं किटलीला कौल दिला, हे तर वहीत आहे."

"त्याखाली लिहा," हुमा म्हणाली, "सकाळी देवाला बोलूच दिलं नव्हतं. संध्याकाळी तो तटस्थ राहिला आणि माणसांनी हात वर केले."

आनंदरावांनी पायरीवरच ते लिहून घेतलं आणि डबल बेल वाजली.

माळ रिकामा झाला. काका स्कूटरपाशी उभे होते.

"हुमा, तो माझ्याबद्दलचा पहिला कौल. तो बाद धरायचा का?"

"बाद, काका."

"मला वाटलंच," काका म्हणाले आणि उतार असूनही स्कूटर ढकलू लागले.