गोखिवऱ्याचं ग्राफिक्स कार्ड

साल होतं २०२२. ग्राफिक्स कार्डांचे भाव अजून उतरायचे होते, आणि एव्हरशाईन सिटीतल्या चौथ्या मजल्यावर जयवंतीबाई नातीबरोबर जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर जुळवत बसल्या होत्या. स्क्रू आमटीच्या वाटीत, बोर्ड वर्तमानपत्रावर. कृतिका त्यांच्या मुलीची मुलगी. आईवडील चिपळूणला, ही कॉलेजसाठी आजीकडे. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे आणि आजीच्या पेन्शनचा हातभार, एवढ्यात तिला गेमिंगचा कॉम्प्युटर बसवायचा होता.

प्रत्येक भाग उचलण्याआधी कृतिका उठून नळाला हात लावून येई.

"देवळात घंटा वाजवावी तशी काय जातेस गं सारखी?"

"अंगातला करंट जातो, आजी. नाहीतर रॅम मरेल."

सुटे भाग सॅन्टनने दिले होते. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात तो जुने कॉम्प्युटर दुरुस्त करी. माणिकपूरच्या शाळेत तो जयवंतीबाईंचा विद्यार्थी होता.

"बाई, बाकी सगळं जुनं चालेल. पॉवर सप्लाय तेवढा नवाच घ्यायचा."

"आणि हे कार्ड कुणाचं?"

"माहीत नाही. भंगाराच्या लॉटमध्ये आलं. पण चालतंय एकदम मस्त."

"तुझी भूमितीही तुझ्या मते मस्तच चालली होती."

कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात सुरू झाला. कृतिकाचा खेळ पाचपाच जणांचा, बंदुकांचा, कुठल्याशा परदेशी गावातल्या पडक्या चर्चभोवती चाललेला. शनिवारी दुपारी निवड चाचणी होती. टिकली तर पगारी संघात जागा मिळणार होती, आणि त्यासाठी तिने वर्षभर जिवाचं रान केलं होतं.

सोमवारी ती कुरकुरली. "चर्चमागे काहीतरी हिरवं दिसतंय. टीममधल्या बाकीच्यांना तिथे नुसती भिंत दिसते. आणि मी तिकडे वळले की स्क्रीन अडकते."

बाईंनी वाकून पाहिलं. केळी होत्या. केळींच्या मधून पानवेली चढवलेल्या. पलीकडे विहीर, तिच्यावर लाकडी रहाट, काठाला टेकवलेली फुटक्या जात्याची तळी.

निर्मळ गावातली त्यांची माहेरची वाडी होती ती. विकून चाळीस वर्षं झाली होती. विहीर बुजवून वर इमारत उठली, तीही आता जुनी दिसू लागली होती.

सॅन्टनने येऊन वायर बदलली, सगळं पुसून खेळ पुन्हा टाकला. हिरवं तिथेच.

"कार्डच खराब आहे, बाई. कचरा दाखवतंय. शनिवारी सकाळी दुसरं लावतो, हे मी परत घेतो."

"कचऱ्याला रहाट असतो का रे?"

सॅन्टनने स्क्रीनकडे पाहिलं, मग पाना-पक्कड आवरायला घेतले.

कृतिका कॉलेजला गेली की बाई खुर्चीत बसू लागल्या. चार बटणांवर चालायला शिकल्या. मंगळवारी केळींपर्यंत पोचल्या. बुधवारी पाटापर्यंत. गुरुवारी विहिरीवर एक मुलगी दिसली, पाठमोरी. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली.

मंदा. थोरली बहीण. दहा वर्षांची असताना, साठ सालच्या एका दुपारी विहिरीवर गेली ती गेलीच. इंजिन लावून विहीर उपसली. तळाशी कळशी तेवढी निघाली.

वाडीतल्या पोरींना शिकवण असे: भर दुपारी विहिरीवर हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही, वळायचं नाही. माणूस तीनदा हाक मारतं; दुसरं काही असलं तर एकदाच. मंदा नियमाची पक्की. त्या दुपारी तिला जेवायला बोलवायला आठ वर्षांच्या जयवंतीला पाठवलं होतं. ऊन मी म्हणत होतं. तिने पडवीतून एकच हाक मारली आणि येऊन पानावर बसली.

हे बाईंनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बाईंनी हेडफोन चढवला, माईक तोंडाशी ओढला. उभा जन्म गणित शिकवलेल्या बाईला आपण काय करतोय ते नीट कळत होतं. उद्या हे कार्ड जाणार होतं.

"मंदाताई."

पाठमोरं डोकं किंचित हललं.

पडवीतली ती पहिली, ही दुसरी.

तिसरी ओठांवर आली. तेव्हा बाईंच्या मनात आलं: ही आलीच, तर कुठून येईल?

कॉम्प्युटरच्या डब्यातले पंखे थांबले होते. चित्र चालूच होतं. हेडफोनमध्ये कळशीतून पाणी निथळत होतं.

बाईंनी प्लग उपटला.

शनिवारी सकाळी सॅन्टन कार्ड घेऊन गेला. "आता बागेसाठी रडू नको हं, आजी," कृतिका म्हणाली. बाई हसल्या नाहीत.

कृतिकाची निवड झाली; ती पुण्याला संघाबरोबर राहते. सॅन्टनने शेजारचा गाळाही घेतला. कार्ड विरारच्या हिलरी नावाच्या, तोच खेळ खेळणाऱ्या पोराने नेलं.

जयवंतीबाई २०२४ च्या मे महिन्यात गेल्या, भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. खालच्या मजल्यावरच्या डेल्फिनने त्यांना मोठ्याने ओ देताना ऐकलं होतं. तिला वाटलं, नात आली असेल. नात पुण्यात होती. शेवटची तयारी करताना सगळं घर पालथं घातलं, पण बाईंचा चष्मा काही सापडला नाही.

महिन्याभराने हिलरीचा सॅन्टनला फोन आला. तक्रार नव्हती. कार्ड झकास चाललं होतं. चर्चमागच्या बागेत दोन लहान मुली खेळत असतात, त्या खेळात कुणी घातल्या, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"एकीचा चष्मा फारच मोठा आहे, यार," तो म्हणाला. "सारखा नाकावरून घसरतो."