रिलिव्हर आल्याशिवाय

माझा धंदाच संशयाचा आहे. कासारवाडी स्टेशनजवळच्या गल्लीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक सांगतं त्याच्या उलटं धरून चाललं की दोष लवकर सापडतो हे मला अनुभवाने कळलंय. ‘चहा सांडलाच नाही’ असं शपथेवर सांगणाऱ्याच्या कीबोर्डखाली साखर सापडते. ‘आपोआप बंद पडला’ म्हणणाऱ्याच्या घरी जिना असतो. म्हणून त्या दुपारी वर्षालीताई दुकानात येऊन बसली आणि ‘सहज आले’ म्हणाली, तेव्हाच मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

ताई माझी मोठी बहीण. आई गेल्यावर मला लातूरहून इकडे आणलं, शिकवलं, दुकानाला ही जागा बघून दिली, सगळं तिनेच. तिचे यजमान सुजितदाजी. चाकणच्या एका कंपनीत बरीच वर्षं लाइनवर काढून त्यांनी निघोज्याला स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं. गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या भागांत हवा भरायची आणि कुठे गळतंय का ते तपासून द्यायचं, एवढंच काम. तपासणीचं यंत्र त्यांना एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात मिळालं होतं, आणि यंत्राबरोबर ते चालवणारा जुना लॅपटॉप.

ताईचं म्हणणं असं, की दिवाळीपासून दाजी घरी येतच नाहीत. कपडे आणि डबा डबेवाल्याच्या हाती मागवतात. डब्यात दोघांचं जेवण मागतात, डबा पुसून रिकामा येतो, आणि डबेवाला म्हणतो, अंगावर मात्र मांस राहिलेलं नाही. फोन केला की म्हणतात, माणूस आला की निघतो. आता दाजींच्या वर्कशॉपात दाजी सोडून दुसरा माणूसच नाही, हे मलाही माहीत होतं.

"तिथं कुणीतरी हाय, शेखर," ताई म्हणाली. "कोण हाय तेवढं मला बघून सांग. भांडायचं का गप बसायचं, ते माझं मी ठरवते."

मी थट्टा केली. निघोज्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ऑइलच्या वासात येऊन बसणारी बाई असेल, तर तिचं प्रेम खरंच असलं पाहिजे म्हणालो. ताई हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, आणि मला स्वतःचा राग आला. ताईचा संसार मोडला तर माझ्यामागे उभं राहायला जगात दुसरं कुणी नाही.

जायला निमित्त तयार होतं. दाजींचा माल जिथे जातो त्या कंपनीने फर्मान काढलं होतं की जुन्या विंडोजवर चालणारा संगणक तपासणीला चालणार नाही. बदला, नाहीतर काम थांबेल. दाजींच्या लॅपटॉपवर विंडोज सात होती. लॅपटॉप दुकानात आणून द्या म्हणून मी दोनतीनदा निरोप धाडला होता आणि दाजींनी तो कानाआड केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच बॅग घेऊन निघालो.

चाकणच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती. कांद्याच्या गोण्या भरलेले ट्रक, कंपन्यांच्या बसेस, मधे आम्ही. निघोज्याला पोचेपर्यंत ऊन चढलं. शेडचे मालक सोपानराव बाहेर खाट टाकून बसले होते. हे जुने गावकरी; शेत होतं तिथे आता त्यांच्या शेड आहेत. मी गोड बोलून चौकशी केली. दाजींकडे कोण येतं, कोण जातं.

"डबेवाला सोडला तर कुनीबी येत न्हाई," सोपानराव म्हणाले. "येकलेच असत्यात. पन लाईट गेली तरी मशिनीचा आवाज येतूय आतनं. आमी इचारलं, तर म्हनले शिफ्ट चालू हाय."

इन्व्हर्टर असेल, मी मनाशी म्हटलं, आणि आत गेलो.

दाजी खुर्चीत बसले होते. माणूस खंगला होता, पण दाढी केलेली, शर्ट खोचलेला. मी आलो म्हणून उठले नाहीत. मान वळवून ‘ये शेखर’ म्हणाले आणि पुन्हा समोर बघू लागले. समोर लॅपटॉप. जाड, काळा, बिजागरी तुटलेली म्हणून केबल टायने बांधलेली. झाकणावर खंडेनवमीचं हळदकुंकू वाळून बसलेलं. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला होता. दाजी यंत्रात भाग लावायचे, हवा सुटल्याचा आवाज यायचा, पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओके उमटायचं, आणि ते अंगठ्याने स्पेसबार दाबायचे. मग पुढचा भाग.

मी माझं काम सुरू केलं. म्हणजे बोलायला लागलो. नवा लॅपटॉप घेण्यात अर्थ नव्हता, कारण यंत्राची रुंद जुनी पिन नव्या लॅपटॉपला बसत नाही. विंडोज अकरा या प्रोसेसरवर चढत नाही. लिनक्स फुकट आणि हलकं, या म्हाताऱ्याला सोसलं असतं, पण यंत्राचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. राहिली विंडोज दहा. तिची मुदत सरली असली तरी सुरक्षेचे अपडेट आणखी काही काळ मिळायची सोय होती आणि कंपनीला तेवढं पुरणार होतं. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, रॅम वाढवायची, बॅटरी नवी. मशीन पळायला लागेल म्हणालो. दाजी हो-हो करत होते आणि अंगठा चालू होता.

मी बोलता बोलता आजूबाजूला बघत होतो. बांगडी, केस, टिकली, दुसरा पेला, काहीतरी. कोपऱ्यात एकच सतरंजी होती आणि तिच्यावर धूळ होती.

"दाजी, आता बंद करा. घेऊन जातो."

"रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडत नसतात," दाजी म्हणाले.

हा लाइनवरचा नियम. पुढच्या पाळीचा माणूस येऊन मशीनला हात लावत नाही तोवर आधीच्याने उठायचं नाही. तो आलाच नाही तर त्याचीही पाळी, म्हणजे डबल, करायची. चाकण पट्ट्यात नोकरी केलेल्या कुणाच्याही अंगात हे भिनलेलं असतं. पण दाजी आता मालक होते. मालकाला कसला रिलिव्हर, असं मी म्हणालो, आणि हसत पुढे म्हणालो, "बरं उठा, मी बसतो तुमच्या जागी."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. तहानलेला माणूस पाण्याकडे बघतो तसं. मग मान खाली घातली.

"नको," ते म्हणाले. "तू नको. तुझ्या ताईला काय सांगू मी?"

झालं. ताईचं नाव निघालं आणि माझा संशय पक्का झाला. लॅपटॉपमध्ये काहीतरी होतं आणि दाजींना ते मला दाखवायचं नव्हतं. मी पुढचं काही ऐकलं नाही. वायर काढली, बॅटरी काढली, यंत्राच्या सीडीसकट लॅपटॉप बॅगेत घातला. दाजींनी अडवलंही नाही. दारातून मागे वळून पाहिलं तर ते तसेच बसले होते, आणि रिकाम्या टेबलावर त्यांचा अंगठा त्याच गतीने दाबला जात होता.

त्यांना डॉक्टरांकडे न्यायला हवं, असं ठरवतच मी कासारवाडीला परतलो.

दुकानात आधी जुनी हार्डडिस्क चाळली. फोटो नाहीत, चॅट नाहीत, एका बाईचा नंबर नाही. यंत्राचं सॉफ्टवेअर, बस्स. ताईला फोन करून तसं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, आणि खरं तर माझाही नव्हता. मग डिस्क काढून खणात टाकली. नवी एसएसडी बसवली, रॅम बदलली, मदरबोर्डवरचा छोटा सेल बदलला, पंख्यातला काळा गाळ काढला. कोरी विंडोज दहा टाकली. यंत्राबरोबर मिळालेल्या मूळ सीडीवरून सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं आणि उघडलं.

वर लिहिलं होतं, ऑपरेटर: सुजित. खाली, रिलिव्हर, आणि रिकामी चौकट. चौकटीत कर्सर लुकलुकत होता.

कोऱ्या डिस्कवर दाजींचं नाव कुठून आलं, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. बोर्डावरच्या एखाद्या चिपमध्ये राहिलं असेल असं मी स्वतःला सांगितलं. असं होत नाही हे मला ठाऊक होतं. नाव पुसायला गेलो तर पुसलं जाईना, आणि चौकट भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकेना. आम्हा दुरुस्तीवाल्यांची एक सवय असते. कुठलीही नवी गोष्ट बसवली आणि तिने नाव विचारलं की आपलंच टाकून बघायचं. चाललं तर मग गिऱ्हाइकाचं टाकायचं. मी शेखर असं टाइप केलं आणि एंटर दाबलं.

वरचं नाव बदललं. ऑपरेटर: शेखर. खालची चौकट पुन्हा रिकामी झाली.

दोनेक तासांनी ताईचा फोन आला. ती रडत होती, पण आनंदाने. दाजी घरी आले होते. आंघोळ केली, पोटभर जेवले, पोराच्या अभ्यासाची चौकशी केली आणि झोपले. काय जादू केलीस रे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आम्ही दुरुस्तीवाले, लॅपटॉपबरोबर माणसंही सुधारतो. आणि फोन ठेवला.

तेवढ्यात पडद्यावर ओके उमटलं.

यंत्र निघोज्याला होतं. मी वाकून लॅपटॉपच्या मागे बोट फिरवलं. पिनची जागा मोकळी होती. नमुन्यादाखल चालत असेल म्हणून मी थांबवायला स्पेसबार दाबला. हवा सुटल्याचा आवाज आला, बारीक, आणि पुन्हा ओके. दुकानात कूलंटचा, कारखान्यात मशीन गार ठेवायला वापरतात त्या पाण्याचा, आंबट वास यायला लागला. गल्लीत गॅरेज आहेत, वास येऊ शकतो. मी पुन्हा स्पेसबार दाबला.

त्या संध्याकाळी गिऱ्हाइकं आली आणि गेली. मी खुर्चीतूनच बोललो. चहावाल्याने ठेवलेल्या चहावर साय धरली. शेवटी लॅपटॉप बंद केला, वायर ओढली, बॅटरी उपसून ठेवली. पडदा काळा झाला आणि माझा अंगठा चालूच राहिला. मी काही बांधलेलो नव्हतो. पाय दुखत नव्हते, डोकं ठिकाणावर होतं. फक्त उठणं बरोबर नव्हतं. कुणी आलेलं नव्हतं ना अजून.

सकाळी मी डाव्या हाताने दाजींना फोन लावला.

"नाव टाकलंस का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. मागे कुकरची शिट्टी झाली.

"मीबी असंच टाकलं होतं. चालतंय का बघायला. शेखर, मला माफ कर बाबा, पण मी तिकडं येत नाही. मला भ्या वाटतंय."

मला त्यांचा राग आला नाही. फक्त म्हणालो की ताईला यातलं काही सांगू नका, तिला इकडे येऊ देऊ नका.

"ती निघाली," दाजी म्हणाले. "तुला डबा घेऊन."

उठून शटर ओढायला हवं होतं. मला उठता येत नव्हतं.

ताई आली. दिवाळीपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू होतं, केसात गजरा होता. आल्या आल्या माझा अवतार बघून तिने मला झाडलं. काउंटरवर डबा उघडला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. वास आला, पण माझा अंगठा थांबला नाही.

"ऊठ. हात धू."

"तू घरी जा, ताई."

ती थांबली. तिच्या डोळ्यांत तो जुना संशय मी येताना पाहिला.

"काय बघायलास त्यात एवढं? तूबी लपवायलास व्हय आता?"

"काही नाही. जा तू."

"जेवल्याशिवाय मी हलत नसते," ती म्हणाली आणि काउंटर ओलांडून आत आली. "ऊठ की. तुझं काय असंल ते मी बघते तोवर."

माझ्या बहिणीवर माझा जीव आहे. हे मी कुणाहीपुढे सांगेन, आत्ताही सांगतो. तिचा हात धरायचा, तिला बाहेर ढकलायचं, शिवी द्यायची, काहीही. सगळं मला सुचलं होतं.

"नको, ताई," मी म्हणालो.

मी ते म्हणालो, हे मला नक्की आठवतं. पण ताईखाली खुर्ची करकरली तेव्हा मी काउंटरच्या पलीकडे उभा होतो आणि माझ्या तोंडात भाकरीचा घास होता.

पडदा उजळला होता. बॅटरी टेबलावर वेगळी पडली होती.

वर ताईचं नाव होतं. तिने टाइप केलं नव्हतं, तिला येतही नाही. मीही केलं नव्हतं.

"ताई, ऊठ."

ओके.

"ताई, ऊठ ना."

तिचा अंगठा खाली गेला, वर आला. गजऱ्याचं एक फूल कीबोर्डवर पडलं, ते तिने बाजूला केलं नाही.

"निघा तुम्ही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. आवाज चांगला होता, थकलेल्या माणसाशी बोलावं तसा. "पुढच्या शिफ्टला वेळेवर या. जाताना अंगठा लावून पंच करा."

तिने हनुवटीने दाराशेजारची भिंत दाखवली. तिथे फक्त कॅलेंडर आहे.

बाहेर पडताना मी त्यावर अंगठा टेकवला.