सोबत राहणारे वृद्ध

घरपट्टीचे अर्ज भरून देणं हा माझा धंदा. लोकांना घर बांधता येतं, पण मालक स्वतः राहत असेल तर सूट किती आणि भाडेकरू ठेवला की ती का जाते, हे कळत नाही. मग ते माझ्या टेबलाशी येतात. मी प्रत्येकाला बजावतो, रकाना मोकळा सोडू नका. मोकळा रकाना दिसला की कारकून अर्ज बाजूला ठेवतो.

यंदा स्वतःचा अर्ज भरताना ‘सोबत राहणारे वृद्ध’ हा रकाना आला. घरात आम्ही दोघंच, मी आणि बायको. पण ऐंशीच्या पुढचं माणूस सांभाळलं तर निम्मी पट्टी माफ. हात शिवशिवले. मी लिहिलं: नातं आत्या, वय ब्याऐंशी, चालता येत नाही, मागची खोली. माझ्या वडिलांना बहीणच नव्हती.

“खोटं लिहायला हात कसा धजावला तुझा?” बायको कडाडली.

“अगं, तपासायला कोण येतंय!”

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी निरीक्षक आला. काखेत फाईल, हातात मोजायची टेप. आत्या दवाखान्यात आहे असं सांगायचं मी ठरवलं होतं, पण तोंड उघडेपर्यंत तो मागच्या खोलीत शिरलासुद्धा. तिथे इस्त्रीचं टेबल, दोन सुटकेस आणि एक रिकामी खाट. त्याने दार लोटून घेतलं. दहा मिनिटं तो आत बोलत होता. मधेच थांबायचा, समोरच्याचं ऐकून घ्यावं तसा.

बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

“सवलत मंजूर,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “त्यांना उजेड सहन होत नाही. पडदा लावा.”

चहापाण्यासाठी फिरकी घेत असेल, असं मी बायकोला हसत सांगितलं. ती हसली नाही.

दोन दिवसांनी त्या खिडकीला पडदा दिसला. मी लावला नव्हता, बायकोनेही नाही. खोलीत सांधेदुखीच्या मलमाचा वास येऊ लागला. खाटेवरची चादर ताणून सारखी केली, तरी तासाभरात मधोमध खोलगट व्हायची. एकदा मी तिथे हात ठेवला. जागा उबदार होती. मी अक्षरशः पळत बाहेर आलो.

बायको मात्र निवळत गेली. पाण्याचा पेला आत न्यायला लागली. दुपारभर तिथेच बसायला लागली.

“कोणापाशी बसतेस?”

“म्हातारं माणूस आहे रे, कंटाळतं.” मग जरा थांबून, “तुझ्याबद्दल सारखं विचारतात. हा कोण म्हणून.”

सवलत गेली खड्ड्यात. मला माझी बायको पहिल्यासारखी हवी होती. दुसऱ्या सकाळीच मी कार्यालय गाठलं आणि सवलत रद्द करायचा अर्ज मागितला.

आधी राहणारे: तीन. आता राहणारे: दोन. कमी झालेल्या व्यक्तीचं नाव.

पेन थांबलं. आत्याला मी नाव दिलंच नव्हतं. पहिल्या अर्जात फक्त नातं विचारलं होतं. आता एखादं नाव लिहायचं आणि घरी कोणी त्या नावाला ओ दिली तर? मी तो रकाना मोकळा सोडला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

कारकुनाने अर्ज बाजूला ठेवला नाही. शिक्का मारला.

“नाव राहिलंय,” मीच म्हणालो.

“राहू द्या. निरीक्षक तुमच्याच भागात गेलेत. घरी विचारून भरतील.”

मी धावत सुटलो.

कुलपात किल्ली गेली, पण फिरेना. मी बेल दाबली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीत बायको होती, धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला.

“निरीक्षक आला होता?”

“येऊन गेले. दोघीच राहतो म्हणून लिहून दिलं आम्ही.”

“साखळी काढ,” मी कसंबसं म्हणालो.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत मान वळवली.

“आत्या, कोणी गृहस्थ आलेत. ओळखता का?”

“नाही गं,” आतून खणखणीत आवाज आला. “लाव दार.”